रिकामं ताट हेरणारी नजर

चित्रकलेच्या वर्गातली मुलं मला कधीमधी बोलावतात आणि दर वेळी एक तरी जण विचारतोच, "सर, तुम्हाला सुचतं कुठून?" या प्रश्नाचं एक गुळगुळीत उत्तर माझ्याकडे तयार आहे. साताऱ्याच्या डोंगरउतारावरची उन्हं, सांगलीच्या घाटावर कपडे धुणाऱ्या बायका, मिरजेत ओळीनं वाळत घातलेले तंबोऱ्याचे भोपळे, असं काहीबाही मी सांगतो. मुलं वहीत लिहून घेतात. ते उत्तर अगदीच खोटं नाही, पण खरंही नाही. खरं उत्तर द्यायचं तर एका खानावळीबद्दल सांगावं लागेल, आणि ते सांगायची मला लाज वाटते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. चित्रकलेची पदविका घेऊन मी साताऱ्याच्या घरी वर्षभर बसून काढलं होतं. वडील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. कुणी विचारलं की ते म्हणायचे, "मुलगा चित्रं काढतो," आणि लगेच विषय बदलायचे. शेवटी सांगलीतल्या एका छापखान्यात ओळख निघाली, म्हणून मी तिथे एक खोली घेतली. नोकरी नव्हे, सुटं काम. हळदीच्या पुड्यांवरची लेबलं, लग्नपत्रिकांवरचे गणपती, शाळेच्या स्वाध्यायपुस्तिकांतले ससे. पण मी स्वतःला त्यातला मानत नसे. पुण्याच्या दोन दिवाळी अंकांची कामं मला मिळत, आणि आपण कथाचित्रकार आहोत हे मी येईल त्याला ऐकवत असे. फार नाकानं कांदे सोलायचो त्या दिवसांत.

दिवाळी अंकाचं काम श्रावणात सुरू होई. कथांच्या झेरॉक्स प्रती पोस्टानं येत. वर संपादकांच्या हातची एक चिठ्ठी, 'अर्धं पान, काळी शाई, लवकर.' कथा वाचायची, त्यातला एक क्षण निवडायचा, पेन्सिलीनं कच्चं चित्र, मग बारीक निबानं शाईचं काम, चुकलं तिथे पांढरा पोस्टर कलर, आणि मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून एस.टी.च्या पार्सलनं पुण्याला. हात माझा चांगला होता. अडायचं ते चेहऱ्यांशी. मनानं काढलेले चेहरे सगळे एकसारखे यायचे, लेबलांवरच्या बायकांसारखे. म्हणून मी खरे चेहरे गोळा करायला लागलो.

गोळा करायचो ते मुख्यतः खानावळीत. माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून एका मावशींची खानावळ होती. पत्र्याचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन, भिंतीकडेला बसकरांची रांग. मार्केट यार्डातले हमाल, एस.टी.चे कंडक्टर, लांबच्या गावाहून आलेले दोनचार कारकून आणि मी. आमटीची बादली आणि भाजीचं पातेलं पंगतीत फिरायचं, आपलं आपण वाढून घ्यायचं. भाकरी मात्र मावशींच्या हातून. समोर मातीची चूल, चुलीमागे मावशी, तोंड आमच्याकडे. परातीत थापता थापता त्या मान न उचलता, फक्त डोळे वर करून पंगतीवरून नजर फिरवायच्या. ज्याच्या ताटातली भाकरी संपत आली असेल त्याच्या ताटात पुढची येऊन पडायची. मागावी लागत नसे. चार वर्षांत मी त्या जागी एकदाही 'भाकरी' हा शब्द उच्चारला नसेल.

त्या नजरेनं मला वेड लावलं. छापखान्यातली वाया गेलेली लग्नपत्रिकांची कार्डं मी खिशात ठेवायचो आणि मांडी आड धरून, डाव्या हातानं जेवणाचं नाटक करत, उजव्या हातानं रेघोट्या ओढायचो. मावशींचे मनगटापर्यंत पिठानं भरलेले हात, कपाळावरचं फिकट गोंदण, आणि ते वर उचललेले डोळे. अशी शंभरेक कार्डं माझ्याकडे साठली होती. मावशींना यातलं काही ठाऊक नव्हतं. "पेंटर, डाव्या हातानं जेवू नगा, आवं, अन्न हाय ते," एवढंच त्या म्हणायच्या. पेंटर म्हटलेलं मला आवडत नसे. मी दुकानाच्या पाट्या रंगवत नव्हतो.

आता जे सांगायचं ते सांगतो. एका भादव्यात मी उशिरा जेवायला गेलो. पंगत उठून गेली होती. मावशी एकट्याच होत्या आणि का कोण जाणे, बोलायला लागल्या. त्या इस्लामपूरकडच्या. नवरा साखर कारखान्यात कामाला. एका दुपारी जेवून उठला आणि पोट धरून खाली बसला. दोन दिवस घरातल्यांनी काढे पाजण्यात घालवले आणि मिरजेला नेलं तेव्हा उशीर झाला होता. आतडं फुटलं होतं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. पण सासरचे म्हणाले, हिच्या हातचं खाऊन उठला आणि गेला. भावकीत त्यांच्या हातचं पाणी कुणी घेईना. मूलबाळ नव्हतं. वर्षभर सोसून त्या सांगलीला आल्या आणि जगाला जेवायला घालायचा धंदा काढला.

"रोज साठ मानसं माज्या हातचं खात्यात," मावशी म्हणाल्या, "आन रोज मी मोजते. साठ बसली, साठ उठली. मग मला झोप लागती."

मी हळहळलो. अगदी मनापासून. पण खरं सांगायचं तर ते ऐकत असताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप त्यांच्या गालावर पडली होती आणि बोलताना त्यांचा खालचा ओठ किंचित आत वळत होता. ते मला विसरायचं नव्हतं. खोलीवर आल्याबरोबर मी बसलो आणि तो ओठ एका कार्डावर काढून ठेवला.

त्याच आठवड्यात पुण्याहून एक कथा आली. नवऱ्याच्या छळाला कंटाळलेली एक बाई त्याच्या जेवणात विष कालवते आणि तो जेवत असताना चुलीमागून त्याच्याकडे बघत राहते. संपादकांनी नेमका तोच क्षण मागितला होता. मी कार्डांचा डबा उघडला. पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या वेळी मावशींची हकिकत माझ्या ध्यानातच नव्हती, एक चांगली नजर मिळाली म्हणून घेतली. ते खोटं आहे. ध्यानात होती. ती होती म्हणूनच मी डबा उघडला. त्या ओठात खरं दुःख आहे आणि ते चित्रात उतरलं तर चित्र उभं राहील, हे मला पक्कं कळत होतं. मी फक्त भुवया जराशा जवळ आणल्या आणि डोळ्यांखाली दोन रेषा वाढवल्या. तेवढ्यानं, ताट रिकामं आहे का बघणारी ती नजर, माणूस मरतोय का बघणारी झाली.

दिवाळीला मी साताऱ्याला गेलो तेव्हा अंक बरोबर नेला. वडिलांनी चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलं. "या बाईची नजर बघून अंगावर काटा आला रे," ते म्हणाले, आणि अंक घेऊन शेजाऱ्यांकडे गेले. त्या दिवाळीत त्यांनी पहिल्यांदा विषय बदलला नाही. संपादकांचंही पत्र आलं की पुढच्या वर्षी पाच कथा देऊ. मी खूश होतो, अगदी हवेत होतो.

सांगलीला परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी, पंगत बसलेली असताना, एका कंडक्टरनं पिशवीतून तोच अंक काढला. गाडीत कुणीतरी विसरलं होतं म्हणे. "मावशी, आवं तुमी छापून आलाय की!" अंक या हातातून त्या हातात करत चुलीपर्यंत गेला. मावशींनी पदराला हात पुसले आणि पान बघितलं. बघत राहिल्या. गोंदण, मनगटं, चूल, सगळं त्यांचं होतं.

"पेंटर, ही मीच न्हवं का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्या लाजल्या होत्या. "आन खाली काय लिवलंय?"

मावशींना वाचता येत नव्हतं. कंडक्टरनं किंवा कारकुनांनी कथा वाचली नव्हती, हमालांचा प्रश्नच नव्हता, आणि त्या पानावर चित्राखाली कथेची नुसती सुरुवात होती, विषाचं नाव नव्हतं. साठ माणसांत कथा ठाऊक असलेला मी एकटा. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? शिव्या बसल्या असत्या, फार तर खानावळ सुटली असती. मी वेळ मारून नेली. म्हटलं, एका बाईची खानावळ असते. एक फौजी रजेवर येताना आणि जाताना तिथे जेवतो. त्याला सख्खी आई नसते. सीमेवर बर्फात उभा असताना त्याला घर म्हणून आठवतं ते या बाईचं ताटाकडे बघणं. ती त्याची वाट बघते, आणि एक दिवस तो येतो. मी बोलत गेलो आणि थाप रंगत गेली. एका हमालानं डोळे पुसले. त्याचा भाऊ फौजेत होता.

त्या दिवशी सगळ्या पंगतीला गूळ मिळाला.

आठवड्याभरात ते पान काच लावून, फ्रेम होऊन, देवांच्या तसबिरींशेजारी भिंतीवर लागलं. उरलेला अंक मावशींनी फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवला. येणाऱ्या नव्या माणसाला त्या फौजीची गोष्ट सांगत, आणि मी तिथे भाकरी मोडत बसलेला असे. कंडक्टरनं पुढे कुठूनतरी दुसरी प्रत मिळवून कथा वाचली. हात धुताना नळाजवळ मला म्हणाला, "गोष्ट येगळीच हाय की, पेंटर." मी हात जोडले, सांगू नका म्हटलं. "मी कशापायी सांगू?" तो म्हणाला. "तुमीच सांगा. सांगाल न्हवं?" मी मान डोलावली. तो रोज माझ्याकडे बघायचा आणि मी रोज मान खाली घालून जेवायचो. काही महिन्यांनी त्याची दुसऱ्या डेपोला बदली झाली. मला हायसं वाटलं, आणि त्याचीही पुढे लाज वाटली.

मग साक्षरतेचे वर्ग निघाले. नगरपालिकेच्या शाळेत संध्याकाळी बायकांना शिकवत. मावशींनी पंचेचाळिशीत नाव घातलं. का, तर, "माजी गोष्ट हाय, ती माजी मला वाचायची हाय." दुपारी पंगत बसायच्या आधी मावशी परातीतल्या पिठात बोटानं अक्षरं काढायच्या. 'ग' आला की मला दाखवायच्या आणि मग त्याच पिठात पाणी ओतून भाकरी थापायच्या. ते अक्षर मी खायचो.

एकदा म्हणाल्या, "पेंटर, पुस्तकातली चित्रं काय कळंना. जहाज हाय, ते म्या कवा बघितलंय? ऊस म्हणून काढलाय त्यो बांबू हाय. तुमी काढून द्या की." नाही कसं म्हणणार? मी कार्डांवर सगळी मुळाक्षरं काढली. त 'तव्या'चा, प 'पराती'चा, भ 'भाकरी'चा, झ 'झाऱ्या'चा. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात प्रामाणिक काम असेल. एकेक कार्ड रंगवताना मला कळत होतं की ही बाई याच पायऱ्या चढून ट्रंकेतल्या त्या अंकापर्यंत पोचणार आहे. तरी रंगवत होतो. वाटायचं, दहापंधरा अक्षरांवर कंटाळेल. संसारी बाया वर्ग मध्येच सोडतात म्हणून ऐकलं होतं आणि मी, माझ्या लाडक्या मावशींनी वर्ग सोडावा म्हणून मनातून वाट बघत होतो. एवढा मी खाली गेलो होतो.

मावशी कंटाळल्या नाहीत. जोडाक्षरांवर आल्या, एस.टी.च्या पाट्या वाचायला लागल्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, तो अंक जरा द्या ना, माझी प्रत हरवली." मनात होतं की नेईन आणि हरवला म्हणून सांगेन. "वाचून झाला की न्या," त्या म्हणाल्या. "आता लय दिस न्हाईत."

कितीदा ठरवलं की आज सांगायचं. जिन्यावर वाक्यं जुळवायचो. मावशी, माझं चुकलं. मावशी, ती गोष्ट वेगळी आहे. खानावळीत शिरलो की त्यांची नजर ताटांवरून फिरत असायची, माझ्या ताटात न मागता भाकरी यायची, आणि वाक्यं गिळली जायची. असं करत दोन वर्षं गेली.

मग एक दिवस चैत्रात मी जेवायला गेलो आणि भिंतीवर फ्रेमच्या जागी पांढुरका चौकोन दिसला. मावशी रोजच्यासारख्या भाकऱ्या करत होत्या. ताटात भाकरी येत होती. अर्धी भाकरी खाऊन मी थांबलो, पण उठायचं धैर्य नव्हतं. सगळे उठून गेले. मी बसून राहिलो.

मावशींनी तवा उतरवला. ट्रंकेतलं फडकं आणून माझ्यासमोर सोडलं. अंक होता, आणि काचेतून काढलेलं ते पान.

"वाचली," त्या म्हणाल्या. "दोनदा वाचली. पैल्यांदा वाटलं, माजंच चुकतंय. काना मात्रा इकडचा तिकडं झाला आसंल."

मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं."

"लिवणाऱ्याला मी काय म्हननार? त्यानं मला कवा बघितलंय?" मावशींचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुमी बघितलंवतं. तुमाला म्या सांगितलंवतं. सासरची मानसं बोलली तवा मी म्हनलं, अडानी हाईत. तुमी तर शिकलेलं."

मी खाली बघत होतो. ताटात अर्धी भाकरी होती.

"दोन वरसं लागली मला वाचायला, पेंटर. तुमाला सांगायला किती लागली असती?"

मी अंक उचलला नाही, त्यांनीही परत घेतला नाही. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "त्या फौजीचं काय सुदिक खरं न्हाई न्हवं?" मी नकारार्थी मान हलवली. "चांगला हुता," मावशी म्हणाल्या.

दोन दिवस खानावळ बंद होती. तिसऱ्या दिवशी उघडली म्हणून कळलं. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं म्हणजे पुन्हा एकदा पळणं होतं, म्हणून गेलो. आत ओल्या मातीचा वास होता. जुनी चूल मोडून मावशींनी समोरच्या भिंतीलगत नवी घातली होती. आता त्या तोंड भिंतीकडे करून बसल्या होत्या आणि पंगतीकडे त्यांची पाठ होती. बाजूला दुरडीत भाकऱ्यांची चवड होती. हमाल चक्रावले होते. एकजण म्हणाला, "मावशी, तिकडं तोंड करून कसं दिसनार तुमाला कुनाचं काय संपलंय ते?"

"मागत जावा," मावशी भिंतीकडे बघत म्हणाल्या.

मी जागेवर बसलो. आमटी वाढून घेतली. पहिली भाकरी संपली. खिशात कार्ड नव्हतं, उजवा हात ताटात होता. शेजारचा ओरडला, "मावशी, एक भाकरी," आणि त्यांनी न वळता हात मागे करून दुरडी सरकवली. दुरडी पंगतीतून माझ्यापर्यंत आली. साठ माणसं रोज जेवून उठलेली मोजणारी ती बाई आता कुणाकडे बघत नव्हती, आणि साठ माणसांत त्याचं कारण मला एकट्याला ठाऊक होतं. माझं ताट रिकामं होतं. तोंड उघडून भाकरी मागायचं मला झालं नाही, आणि दुसऱ्यानं मागितलेली उचलवली नाही. दुरडी मी तशीच पुढे दिली.